वापरलेला बूट घेऊन या

मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भोरमध्ये कुणालाही विचारलंत तर तो बरोबर उलटं सांगेल. पस्तीस वर्षं मी एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. माईकवर बोलायची सवय लागली की आवाज मोठा होतो, त्याला लोक राग म्हणतात. फलाटाला गाडी लागली की मी टायरवर पाय मारून हवा बघायचो, त्याला लोक लाथ म्हणतात. ती तपासणी होती.

आणि खरेदी म्हणाल, तर कुठल्याही खरेदीला मला सात मिनिटं लागतात. लोक दुकानात जाऊन ठाण मांडतात, चहा पितात, "यात दुसरा कलर दाखवा" म्हणतात, तिथं माझं डोकं फिरतं. वस्तू बघायची, उचलायची, बाहेर पडायचं. माझ्या लग्नाचा बस्ता मी अर्ध्या तासात उरकला होता. कुंदाच्या माहेरचे त्यावरून अजून बोलतात, बोलू देत.

मागच्या चौदा एप्रिलच्या खरेदीत मी सारिकासाठी पळायचे बूट आणले, तेसुद्धा सहा मिनिटांत. सारिका माझी पुतणी. धाकटा भाऊ संजय गुंजवण्याला असतो. अर्धं शेत धरणात गेलं, उरलेल्यात भात लावतो आणि टेम्पो चालवतो. त्याची ही एकुलती एक पोरगी अकरावीपासून भोरला आमच्याकडं शिकायला आहे. दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं लागलीये. मागच्या भरतीत दोन गुणांनी गेली. त्या दिवशी ती रडली नाही, जेवली नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परत ग्राउंडवर गेली. तेव्हाच मी ठरवलं, पोरीला बूट घ्यायचे. पांढरे, पाच नंबर. मुलीचा पाय पाचच असतो, त्यात विचारायचं काय! घरी आणून बुटाच्या जिभेवर मार्करनं "सारिका, भोर" आणि खाली माझा मोबाईल नंबर लिहिला. विहारात वंदनेला गेलं की माझी चप्पल हमखास जाते, म्हणून आमच्या घरात प्रत्येक पायताणावर नाव आणि नंबर असतो.

तर यंदा हॉलतिकीट आलं. मंगळवारी ग्राउंड. आठशे मीटर धावणं, गोळाफेक, सगळं त्याच दिवशी. मी हिशोब केला, पोरगी दहा महिने रोज पळतीये, बूट झिजून पापड झाले असणार. शनिवारी सकाळी दहा वाजता मी कुंदाला म्हणालो, "सारिकाला नवे बूट घेऊन येतो. सात मिनिटांत आलो."

कुंदा म्हणाली, "तिला बरूबर न्या की."

"कशाला? ती ग्राउंडवर आहे, सराव मोडायचा नाही. पाय काय बदललाय तिचा?"

कुंदा काहीतरी बोलणार होती. पण मी तोवर पायरी उतरलो होतो, आणि उतरलेला माणूस मागं बोलावला की मला आवडत नाही.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत "धाव" नावाचं नवं दुकान झालंय. फक्त पळायचे बूट. चपला नाहीत, सँडल नाहीत, शाळेचे काळे बूट नाहीत. शौनक नावाचा पोरगा चालवतो. पुण्यात इंजिनिअर होता, नोकरी सोडून इथं बूट विकायला बसलाय. त्याच्या बापाचं काय होत असेल याचा विचार करत मी दारात पोचलो, तर दारावर पाटी. "कृपया पादत्राणे बाहेर काढावीत."

बुटाच्या दुकानात पादत्राणं बाहेर! उद्या न्हावी म्हणेल डोकं घरी ठेवून या. पण सात मिनिटांतली मिनिटं भांडणात घालवायची नाहीत म्हणून चप्पल काढली आणि आत गेलो.

"पळायचे बूट. बाईमाणसाचे. पाच नंबर, पांढरे. बांधून द्या."

शौनक शांतपणे म्हणाला, "कोणासाठी हवेत, काका?"

"पुतणीसाठी. मंगळवारी भरतीचं ग्राउंड आहे."

"त्या कुठं आहेत?"

"कॉलेजच्या ग्राउंडवर."

"मग त्यांना घेऊन या ना. पाय बघितल्याशिवाय मी बूट देत नाही."

"तुम्ही बूट विकताय का स्थळ बघताय?"

तो हसला. मला हसणारे दुकानदार आवडत नाहीत. म्हणाला, "प्रत्येकाचा पाय वेगळा पडतो, काका. चुकीचा बूट दिला तर गुडघ्याला त्रास होतो. त्यांना यायला जमत नसेल तर एक करा. त्यांचा वापरलेला बूट घेऊन या. तळ कुठं झिजलाय ते बघितलं की मला कळतं माणूस कसा पळतो."

मी मनात म्हटलं, हा काय तळहात बघणारा आहे का? आमच्यात असलं काही चालत नाही. पण भोरमध्ये दुसरं असं दुकान नाही, आणि मधे फक्त रविवार आणि सोमवार. मी घरी फोन लावला.

"सारिकाचा वापरलेला बूट पाठव."

पलीकडं काहीच आवाज नाही. कुंदा आणि गप्प, म्हणजे मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ऐकतेस का? बूट. मी आणलेले. चौदा एप्रिलचे."

"त्ये व्हय," कुंदा म्हणाली, "त्ये धुतल्यात."

"मग ओले पाठव."

"वाळत घातलं हुतं, खाली पडलं. कुत्र्यानं न्हेलं."

"दोन्ही?"

"न्हाई, एक."

"मग दुसरा पाठव. याला एकच लागतोय."

मी म्हणालो, "कुंदा, सात मिनिटं." आणि फोन ठेवला.

सात मिनिटं झाली, वीस झाली. मी परत फोन केला. "शोधतीया," कुंदा म्हणाली. घरात बूट शोधावा लागतो म्हणजे काय? मी कधी काही शोधतो का? अर्ध्या तासानं मी तिसऱ्यांदा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "संजयभावजी आल्याती तांदूळ घिऊन, त्यांच्याबरूबर पाठवला." आवाज असा होता की मोठं ओझं उतरवलंय. शौनकनं मला चहा दिला. मी नको म्हणालो. मग प्यालो, पण चिडून प्यालो.

संजयचा टेम्पो आला. मागं इंद्रायणीची पोती भरलेली, त्याला ती सारोळ्याला पोचवायची होती. आणि टेम्पो दिसला की माझं जे डोकं फिरतं ते फिरलं, कारण टेम्पोच्या मागं तो बूट लोंबत होता. ऑइलनं काळाकुट्ट माखलेला, तारेनं बांधलेला. नजर लागू नये म्हणून! माझ्या सख्ख्या भावाच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात, आणि टेम्पोला नजरेचा बूट. दोन महिने मी यावरून त्याला झापतोय. दर वेळी तो मान खाली घालून म्हणतो, "चुकलं, दादा," आणि बूट जिथल्या तिथं.

"अजून काढला नाहीस तो?" मी दुकानाच्या दारातूनच ओरडलो.

"काढतो, दादा."

"शिकलेली पोरगी आहे तुझी. उद्या पोलीस होईल. तिला काय सांगशील, बापाचा टेम्पो बुटावर चालतो?"

संजयनं माझ्या हातात एक पिशवी दिली आणि पटकन मागं सरकला. मी पिशवी तशीच शौनकच्या हातात दिली. चष्मा घरी राहिला होता, सात मिनिटांसाठी चष्मा कोण नेतो?

शौनकनं पिशवीतून बूट काढला. उजवा. नाडी नव्हती.

"याची जीभ कुठाय?" त्यानं विचारलं. "कात्रीनं कापल्यासारखी दिसतीये."

"कुत्र्यानं खाल्ली," मी म्हणालो. संजयला ठसका लागला.

"रंग राखाडी आहे."

"पांढरेच घेतले होते. तिनं वापरून राखाडी केले. वापरायला सांगितलंच होतं मी."

"आणि पाच नाही, काका. नंबर पुसलाय, पण माझ्या पट्टीवर हा सात भरतोय."

"दहा महिने पळतीये पोरगी. पाय वाढणारच."

शौनकनं माझ्याकडं बघितलं, मग बूट दिव्याखाली धरून तळ फिरवला. डॉक्टर एक्स-रे असा उजेडाला धरून बसला की घरच्यांचं जे होतं ते माझं व्हायला लागलं.

"काका, या बुटातून कुणी पळालेलंच नाही."

"काय बोलताय?"

"पळणाऱ्याचा बूट पुढं झिजतो. इथं टाच गेलीये, तीसुद्धा बाहेरच्या अंगानं. म्हणजे हा माणूस तासन् तास एका जागी उभा राहतो, आणि टाच आपटतो."

"टाच आपटतो?"

"हो. बोलताना बहुतेक. वजनही बरंच आहे, ऐंशीच्या वर."

"पोरगी बावन्न किलोची आहे!"

"आणि हे बघा." त्यानं बुटाचं टोक माझ्यापुढं धरलं. "इथं पार चेपलंय. कशाला तरी सारखी लाथ बसलीये. काळं रबर घासल्याच्या खुणा आहेत. त्या रागीट आहेत का हो?"

"आमच्या घरात कुणीही रागीट नाही!" मी टाच आपटून म्हणालो.

संजय म्हणाला, "दादा, मी काय म्हनतो..."

"तू गप."

शौनकनं बूट खाली ठेवला. त्याचा आवाज आता बदलला होता. "काका, खरं सांगतो. या पायानं मंगळवारी आठशे मीटर जोरात पळाल्या, तर गुडघा जाईल. आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा. बूट मी नंतर देतो."

दोन वर्षं पोरगी पहाटे उठतीये. दोन गुणांसाठी. आणि तिचा गुडघा जाणार? मी घरात असून मला कळलं नाही? मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. बाकी वेळी येत नाही.

मी तिथल्या तिथं पुण्याच्या हाडाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, मंगळवारी सकाळी साडेआठ. मी म्हणालो लावा नंबर. मग सारिकाला फोन केला.

"मंगळवारी ग्राउंड रद्द. तुला डॉक्टरकडं न्यायचंय."

"का, तात्या?" ती धापा टाकत होती. "मी तर पळतीये आत्ता."

"पळू नकोस. थांब तिथंच. तुझा गुडघा जाणार आहे."

"माझा गुडघा चांगलाय."

"तुला काय कळतंय? तळावर सगळं आलंय. टाच आपटतेस, लाथा मारतेस. कुणाला मारतेस लाथा?"

"कुठल्या तळावर, तात्या?"

"तुझ्या बुटाच्या."

तिचा श्वास ऐकू आला, आणि मग ती रडायला लागली. मागच्या भरतीत दोन गुणांनी गेली तेव्हा न रडलेली पोरगी. फोन तिनं बंद केला. माझा फोन आजवर तिनं असा बंद केला नव्हता.

"दादा," संजय परत म्हणाला, "आयका तरी. त्यो बूट..."

"तुला गप बस म्हणालो ना! बाप आहेस का कोण? तुझ्या पोरीचा पाय वाकडा आणि तू टेम्पोला बूट बांधत फिरतोयस."

मी तरातरा बाहेर आलो आणि टेम्पोच्या टायरला सणसणीत लाथ घातली. ही तपासणी नव्हती, कबूल आहे. चप्पल पाटीखाली राहिली होती हे लाथ बसल्यावर लक्षात आलं. अंगठ्यापासून कमरेपर्यंत जी कळ गेली, ती तुम्हाला सांगून कळणार नाही. मी एका पायावर उभा राहून मोठमोठ्यानं बोंबललो. समोरच्या चहाच्या टपरीवरची दोन माणसं उठून बघायला आली.

शौनक दारात उभा होता. त्याच्या हातात तो जीभ कापलेला बूट होता. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, टायरकडं बघितलं, मग हातातल्या बुटाच्या टोकाकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. शहाणा पोरगा आहे.

मग त्याचं लक्ष टेम्पोच्या मागं गेलं. त्याला सवयच आहे, दिसेल त्या बुटाचा तळ बघायची. खाली बसून त्यानं तो लोंबणारा काळा बूट उलटा केला.

"हा कुणाचा?"

"अंधश्रद्धेचा," मी म्हणालो.

"हा तर कोरा आहे, काका. आठवडाभरसुद्धा वापरलेला नाही. तळावरची नक्षी जशीच्या तशी. आणि हा बघा, पाच नंबर."

पाच नंबर. मी लंगडत गेलो, तार पिरगाळून बूट सोडवला आणि रुमालानं जीभ पुसली. ऑइलखालून आधी एक आकडा निघाला, मग दुसरा. माझा मोबाईल नंबर, चष्म्याविनाही वाचता येईल एवढा ठळक. त्याच्या वर माझ्याच अक्षरात, "सारिका, भोर".

टपरीवरचे दोघं मान लांब करून बुटावरचं नाव वाचत होते.

संजयनं टोपी काढून हातात घेतली. "दादा, बूट पयल्याच दिवशी बसलं न्हाईत. तिचा पाय सात नंबर हाय, तुमच्यावाणी. तरी आठ दिस घातलं तिनं. दोनी अंगठ्याची नखं काळी पडून गळाली."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुमी इचारलं कवा? तुमी म्हनला, 'बसले ना? बसणारच, मी आणलेत.' आन् गेला."

"एवढंच? एवढं सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

हे मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की टपरीवरचा एक जण कप घेऊन मागं सरकला. संजयनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. उत्तराची गरजच राहिली नव्हती.

"मग टाकून द्यायचे. कुणाला देऊन टाकायचे. टेम्पोला कशाला बांधायचे?"

"वैनीनी एकदा टाकलं हुतं कचऱ्यात. घंटागाडीवाल्यानं नंबर वाचून परत आनून दिलं. तुमी घरी नव्हता म्हनून वाचलो. दुसऱ्या पोरीला द्यावं, तर तिच्या घरचं तुमालाच फोन करून आभार मानायचं. जाळावं तर नवंकोरं, जीव हुईना. मग ऑइल लावून एक हितं बांधला, एक गावातल्या रखमाजीच्या ट्रॅक्टरला. नजर-बिजर मी बी मानत न्हाई, दादा. पर तुमी अंधश्रद्धेवरनं बोलत व्हता, त्ये परवडलं."

मी टेम्पोच्या मागच्या फळीवर बसलो. दोन महिने या माणसाला मी सगळ्यांदेखत झापलं. विहारात झापलं, त्याच्या सासऱ्यांसमोर झापलं. तो "चुकलं, दादा" म्हणत राहिला. मला कुंदाचा राग आला, संजयचा आला, नसलेल्या त्या कुत्र्याचा आला. मग माझा स्वतःचा आला, आणि तो काढायला पाय शिल्लक नव्हता.

"आणि हा कुणाचा?" मी शौनकच्या हातातल्या बुटाकडं बोट केलं.

त्यानं तो माझ्या मांडीवर आणून ठेवला. डेपोत शेवटची सहा वर्षं पाय सुजायचे म्हणून मी खेळाचे राखाडी बूट घालायचो. रिटायर झालो तसे ते माळ्यावर गेले. त्याच्या जिभेवरही नाव आणि नंबर होता. कुंदानं जीभ का कापली ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. पण स्वतःच्या बुटाचा तळ कुणी कधी बघितलाय का हो?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सारिका दिसली. कुंदाला फोन करून पत्ता घेऊन कॉलेजच्या ग्राउंडवरून ती पळत आली होती. डोळे सुजलेले, कपाळाला केस चिकटलेले. दुकानाच्या दारात आली आणि पाटी वाचून सवयीनं थांबली, पायातलं काढायला वाकली. काढायला काही नव्हतंच. पावलं मातीनं लाल झाली होती आणि अंगठ्यांवर नव्यानं आलेली नखं वाकडी होती. अकरावीपासून मी या पोरीबरोबर एका घरात राहतोय आणि तिची पावलं मी त्या दिवशी बघितली.

ती वळली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, काय वरडायचं त्ये वरडून घ्या. मी मंगळवारी पळनार."

तिची मान वर होती. मी ओरडायला तोंड उघडलं.

"अनवाणी पळतेस?" मी विचारलं.

"व्हय."

"खडे टोचत नाहीत?"

"पयलं टोचायचं. आता न्हाई." मग म्हणाली, "तुमचं बूट लई टोचायचं."

शौनकनं तिला गल्लीत विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चार वेळा पळायला लावलं. स्वतः रस्त्यावर पालथा पडून तिची पावलं बघत होता. उठून कपडे झटकत म्हणाला, "काका, हिचा पाय एकदम सुरेख पडतोय. हिला आत्ता बूट देऊ नका. तीन दिवसांवर आलंय, नव्या बुटानं फोड येतील. जशी पळते तशी पळू दे. भरती झाली की घेऊन या."

म्हणजे बघा, सकाळी दहाला बूट घ्यायला आलेला मी, साडेअकराला कळतंय की बूट घ्यायचेच नाहीत. मी चप्पल शोधायला वाकलो, तर शौनक म्हणाला, "चप्पल राहू द्या बाहेर, काका. तुम्ही आत या. खरी गरज तुम्हाला आहे."

संजय सारोळ्याला निघून गेला. सारिका स्टुलावर बसून राहिली. मला त्यानं ओल्या पायानं कागदावर उभं केलं, पळायच्या फिरत्या पट्ट्यावर चालवलं, वाकवलं, गुडघा दाबून बघितला. शेवटी मी राखाडी बूट घेऊन बाहेर पडलो तेव्हा पाऊण वाजला होता. पावणेतीन तास. सारिकानं घड्याळ बघितलं आणि दुसरीकडं तोंड करून हसली. घरी आल्यावर कुंदा दारातच उभी होती. माझ्या पायातले नवे बूट बघून तिला काय समजायचं ते समजलं. मी तिला एवढंच विचारलं, "कात्री कुठली वापरलीस?" ती म्हणाली, "भाजीची."

डॉक्टरचा नंबर वाया घालवला नाही. तो बुधवारवर ढकलून मी माझाच गुडघा दाखवला.

मंगळवारी नातेवाइकांना ग्राउंडवर सोडत नव्हते. मी भिंतीबाहेर उभा होतो. आतून शिट्टी ऐकू आली, मग नुसता पायांचा आवाज. त्यातला अनवाणी आवाज कुठला ते कान देऊन ऐकत होतो, कळला नाही. दुपारी ती बाहेर आली, फुटपाथवर बसली आणि तळव्यातले मुरुमाचे खडे काढायला लागली.

"किती?"

"दोन मिन्टं सत्तेचाळीस. धावायचं सगळं गुण मिळालं, तात्या."

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी गेटवरच्या माणसावर ओरडलो. तो बिचारा नुसता उभा होता.

मग लेखी झाली, महिन्यानं यादी लागली, नाव त्यात होतं. त्या रविवारी मी सारिकाला तिच्या पायांसकट दुकानात घेऊन गेलो. शौनकनं सात नंबरचा एक जोड तिच्या पायात घातला. मी विचारलं, "बसतात?"

"बसतात," ती म्हणाली.

मी गप्प राहिलो. फार जड गेलं. मग म्हणालो, "खरं सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं, संजय बघतो तसं. मग हळूच म्हणाली, "डाव्या करंगळीला लागत्यात."

शौनकनं दुसरा जोड काढला. तो टाचेत सैल. तिसरा बरा होता, पण ती म्हणाली, "यात दुसरा कलर दाखवा." मी स्टुलावर बसलो, दोन चहा प्यालो आणि एक शब्द बोललो नाही. तीन तास लागले. माझ्या आयुष्यातली एवढी लांब खरेदी दुसरी नाही, आणि पाचवा जोड घालून ती गल्लीतून पळत गेली तेव्हा मला उठवेना.

माझे बूट मी रोज घालतो. शौनकनं एक अट घातलीये, सहा महिन्यांनी ते दाखवायला आणायचे. त्याला म्हणे तळ वाचायचाय. त्यामुळं हल्ली टायर दिसला, बादली दिसली, संजयचा टेम्पो दिसला की माझा उजवा पाय उचलला जातो आणि हवेतच थांबतो. त्या पोराला टोक बघितलं की सगळं कळतं.

म्हणून सध्या मी डाव्यानं मारतो.